अन्वेषाचं टोपडं

सुगंधा खडपेने शुक्र ग्रहाला चार तिळांएवढं चुंबकत्व बहाल केलं आणि त्या चार तिळांपायी देशोदेशीच्या दीडशे शास्त्रज्ञांच्या तोंडची चव गेली, ही गोष्ट कोंडसड्यात आता कोणी धड सांगत नाही. कोणी चाराचे चाळीस करतं. कोणी छातीवर हात ठेवून सांगतं, की तिने यानात टोपलीभर वाळू भरली होती आणि त्या भारानेच ते कोसळलं. असल्या थापांवर विश्वास ठेवू नका. दाणे चारच होते. मात्र त्यांनी जे केलं ते टोपलीभर वाळूलाही जमलं नसतं.

कोंडसडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. वर आभाळ, खाली रत्नागिरीकडचा समुद्र. रेल्वे लांब, कारखाना नाही, विजेच्या जाडजूड तारा नाहीत. माणसाने राहावं असं तिथे काहीच नव्हतं, आणि नेमकी म्हणूनच ती जागा अंतराळ केंद्राला आवडली. ग्रहांचं चुंबकत्व मोजणारी उपकरणं इतकी हळवी, की दूरवरून आगगाडी गेली तरी त्यांचे आकडे थरथरतात. तेव्हा सड्यावर जी इमारत बांधली तिच्यात लोखंडाचा खिळासुद्धा नव्हता. बिजागऱ्या पितळेच्या, खिळे तांब्याचे. शिवणहॉलच्या दारात एक मोठं ताट असे. आत जाणाऱ्या बायका त्यात सेफ्टी पिना, केसांचे चाप, किल्ल्या काढून ठेवत. सकाळी नऊला त्या ताटात असा ढीग पडे, की लग्नघरात लूट झाली असं वाटावं.

यानाला शिवण कशाला, असं कोणी विचारेल. अहो, अंतराळात एका अंगाला ऊन भाजून काढतं आणि दुसऱ्या अंगाला सावली गोठवते. म्हणून यानाला पांघरूण लागतं. कांद्याच्या सालीहून पातळ असे चंदेरी पापुद्रे, वीसवीस थर, मधे जाळी. यंत्राने शिवलं की कोपऱ्यात चुरगळतं आणि तिथून ऊब गळते. चार देशांची यंत्रं आणून झाल्यावर कोणाच्या तरी डोक्यात आलं, की खालच्या वाडीतल्या बायका जन्मभर गोधड्याच शिवताहेत. बारा जणी घेतल्या. त्यांत सुगंधा सगळ्यांत मोठी, वय अठ्ठावन्न, नजर घारीची आणि टाका असा, की दुर्बिणीतून पाहणाऱ्यालाही हेवा वाटावा.

त्या वाडीची एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत चिमूटभर तांदूळ सोडायचे. गोधडी उपाशी ठेवली तर ती पांघरणाऱ्याची ऊब खाते, असं म्हणत. केंद्राचे प्रमुख ओगले सर यांनी पहिल्याच दिवशी हे बंद केलं. तांदूळ नाही, हळद नाही, सजीव किंवा एके काळी सजीव असलेलं काही नाही. इथले जंतू दुसऱ्या ग्रहावर न्यायचे नाहीत. दुसरा नियम, लोखंड नाही. बायकांनी दोन्ही नियम पाळले. सुगंधानेही पाळले. अगदी शेवटपर्यंत पाळले, आणि घोटाळा झाला तो त्यामुळेच.

झालं असं, की शुक्राकडे जाणाऱ्या अन्वेषा यानाची सगळी पांघरुणं झाली आणि शेवटी राहिलं चुंबकमापकाचं. हा मापक यानापासून पाच मीटर लांब, एका दांडीच्या टोकाला बसवलेला, का तर यानाच्या स्वतःच्या यंत्रांचा त्याला उपद्रव होऊ नये. आकार बाळाच्या डोक्याएवढा. त्याचं पांघरूण म्हणजे हुबेहूब टोपडं. चाचणी झाली, कागदावर सह्या झाल्या, आता फक्त आतला पुठ्ठा काढून मागचा कोपरा बंद करायचा होता. सुगंधाच्या हातात ते टोपडं आलं आणि तिचा जीव कालवला. बाकीचं यान एकमेकांना चिकटून तरी जाणार. हे एवढंसं डोकं, काठीच्या टोकाला, कोट्यवधी किलोमीटर एकटं. याला उपाशी धाडायचं?

तांदूळ नको तर नको. किनाऱ्यावर ओहोटीला काळी वाळू पसरते, तिळासारखी चमकणारी. तिचे चार दाणे तिने आणले, तीनदा उकळत्या पाण्यात धुतले, उन्हात वाळवले. वाळू कधी जिवंत नव्हती. वाळू म्हणजे लोखंडही नव्हे. दोन्ही नियम पाळून तिने चार दाणे कोपऱ्यात सोडले आणि वरून तीन टाके घातले. पुढे पूर्ण यानाची चाचणी झाली तेव्हा मापकाने किंचित जास्त दाखवलं. तज्ज्ञ म्हणाले, यानाची स्वतःची सवय असेल ही, हिशोबातून वजा करू. केलं वजा.

अन्वेषा उडाली. शुक्रापाशी पोचली. दीड वर्ष तिने ग्रहाभोवती लांबट प्रदक्षिणा घातल्या, आणि मग तिची कक्षा बदलण्यात आली, जेणेकरून रोज एकदा ती ग्रहाच्या वातावरणाच्या वरच्या पदरात बुडी मारून वर येईल.

त्या बुड्यांचे आकडे ज्यांच्या टेबलावर येत त्या डॉक्टर शर्वरी काळमेघ म्हणजे सुगंधाची सून. मुलगा निनाद जहाजावर इंजिनियर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात दोघीच. सून अमरावतीची, लग्नानंतर पहिलं वर्षभर माशाच्या काट्यांशी तिचं हाडवैर होतं आणि सुनेने पोह्यांवर झणझणीत तर्री ओतलेली पाहून सासूने तोंड फिरवलं होतं. आता ती बांगडा सोलून खाई आणि सासू तर्रीचा दुसरा वाडगा मागे. पण मोकळेपणाने एकमेकींची थट्टा करण्याची सवय काही गेली नव्हती.

त्या दिवशी सुगंधा पडवीत कोकमं फोडत बसली होती. शर्वरी आली आणि चपला न काढताच समोर बसली.

"आई, सापडलं."

"काय हरवलं होतं?"

"शुक्राचं चुंबकत्व. अकरा बुड्या झाल्या, अकराही वेळा आकडा चढला. तीन नॅनोटेस्ला."

"हे जास्त की कमी?"

"आपल्या पृथ्वीच्या पंधरा हजारावा भाग. पण तिथे शून्य असायला पाहिजे होतं, आई. जग साठ-सत्तर वर्षांपासून म्हणून राहिलं, की शुक्राला चुंबकत्वच नाही."

सुगंधाने बोटाचा लाल रस पदराला पुसला. "मग जग खोटं का तू?"

शर्वरीला तेवढंच निमित्त हवं होतं. ती सांगू लागली, ते सुगंधाला कळलं ते असं. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड घुसळतंय, त्यातून चुंबकत्व निपजतं. शुक्राच्या पोटात तसली घुसळण आज नाही. पण कधीकाळी असली तर? लाव्हा थंड होऊन दगड बनतो तेव्हा त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करून गोठतात. मग ग्रहाचं पोट शांत झालं तरी दगड विसरत नाही. विसरतो तो एकाच कारणाने, तापवला तर. पाचशेऐंशी अंशांच्या वर आठवण पुसली जाते.

"आणि शुक्र म्हणजे तर भट्टी, असं तूच सांगतेस."

"भट्टीच आहे. पण चारशेपासष्टची. उंचावर अजून थोडी कमी. मधे सव्वाशे अंशांची फट आहे, आणि मी तीन वर्षांपासून त्या फटीत डोकं घालून बसली आहे." ती हसली. "आणि सापडलं कुठे माहीत आहे? तिथल्या जागांना बायकांची नावं असतात. हे उंच पठार आहे, त्याचं नाव लक्ष्मी."

"घरात आलीस त्याच पायांनी गेलीस वाटतं तिथे." सुगंधाने सुनेच्या धुळीच्या चपलांकडे पाहिलं. पण तिचा ऊर भरून आला होता. ज्या ग्रहाला शतकानुशतकं लोकांनी फक्त चांदणी म्हणून पाहिलं, त्याच्या पोटातली जुनी आठवण आपल्या घरातल्या पोरीने वाचली, आणि ती वाचणाऱ्या डोक्यावर आपण शिवलेलं टोपडं.

"आता पुढे?"

"सोमवारी सभा आहे. इंधन एकाच वेळचं उरलं आहे. मुकादम मॅडमना यान वर न्यायचं आहे, त्यांच्या ज्वालामुखींवर नजर ठेवायला. वर गेलं तर अजून दोन वर्षं जगेल. मी म्हणते खाली आणा. अगदी खाली, पठारावरून घासत जाईल इतकं. दगड स्पष्ट बोलतील."

"आणि यान?"

"चार दिवसांत जळून जाईल," शर्वरी म्हणाली. "पण काय ऐकून जाईल, आई."

रविवारी दुपारी दोघी किनाऱ्यावर गेल्या. शर्वरीने हौसेने नवी पर्स घेतली होती, झाकणाला चुंबकाची कळ असलेली. लाटेला चुकवताना ती पर्स वाळूत पडली. शर्वरीने उचलली तर कळीला दाढी फुटलेली. काळीभोर, राठ, ताठ उभी राहिलेली दाढी.

"बघा तुमचा किनारा," शर्वरी हसून म्हणाली. "अर्धं लोखंड भरलं आहे यात. इथे मापक आणला असता तर वेडा झाला असता बिचारा."

सुगंधा हसली नाही. समुद्र तेवढाच मोठा होता, आवाजही तेवढाच होता, पण तिला काही ऐकू येईना. तिने वाकून त्या दाढीचा एक दाणा चिमटीत घेतला. तिळासारखा. चमकणारा.

"आई, काय झालं?"

"पायात कळ आली," ती म्हणाली.

घरी न जाता ती हॉलमधल्या जोडीदारणीकडे, प्रमिलाकडे गेली आणि दाराला कडी लावून सगळं सांगितलं. प्रमिला ऐकून खाटेवर टेकली.

"अगो बाय माझे. चार दाण्यांनी काय होतं पण?"

"तिचा सगळा शोध चार दाण्यांएवढाच आहे."

"मग गप्प बस. कोणाला कळतंय? दाणे गेले शुक्रावर. तू बोललीस तर उद्या आपल्या बाराही जणींच्या जागी यंत्र आणतील. आणि सुनेचं काय होईल? सगळ्या जगात वाजतगाजत सांगून झालंय तिचं."

"आणि नाही बोलले तर ती पोर मरेल."

"कोण पोर?"

"अन्वेषा. दोन वर्षं जगायची ती. माझ्या चार दाण्यांसाठी तिला खाली ओढून जाळतील."

"ती पत्र्याची आहे, सुगंधा."

"दांडीवर टोपडं चढवताना तूच म्हणालीस ना, मान सांभाळा गो तिची?"

प्रमिला उठून दोन तांबे पाणी प्यायली.

सोमवारी सकाळी शर्वरी चहा पीत सभेची टिपणं चाळत होती. सुगंधाने समोर बसून, हात मांडीवर ठेवून, एका दमात सांगितलं. कोपरा, दाणे, उकळलेलं पाणी, तीन टाके, पर्सची दाढी. मधे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

शर्वरीने टिपणं पालथी ठेवली. तिचा चेहरा चाचणी घेणाऱ्या तज्ज्ञांसारखा कोरडा झाला.

"किती दाणे?"

"चार."

"कोणता कोपरा?"

"मागचा डावा."

"शिवून बसवलेले की मोकळे?"

"मोकळे. सुपारीएवढ्या पिशवीत."

शर्वरीने टिपणांच्या पाठीवर एक टोपडं काढलं. कोपऱ्यात चार ठिपके. "वर असताना काहीच जड नसतं. दाणे पिशवीत तरंगतात. कुठेही. सरासरी काही दिसत नाही. मग यान खाली हवेत शिरतं. हवा त्याला अडवते. बसला ब्रेक लागला की माणसं पुढे जातात, तसे चारही दाणे एका कडेला जातात. मापकाच्या जवळ. आकडा चढतो." तिने पेन ठेवलं. "यान वर गेलं की पुन्हा तरंगतात. आकडा उतरतो. दर बुडीला."

"पण अकराही वेळा लक्ष्मीवरच कसं?"

"कारण शुक्र स्वतःभोवती फिरायला आठ महिने घेतो. अकरा दिवसांत कूससुद्धा बदलत नाही. प्रत्येक बुडी त्याच पठारावर पडली. मी म्हणत होते पठार बोलून राहिलं." ती उठली. "बोलत तुमची वाळू होती."

"शर्वरी."

"तीन वर्षं, आई. तुम्हाला कोणी विचारलं होतं का, याला भूक लागली आहे का म्हणून?"

सुगंधा म्हणाली, "मी येते सभेला. मी सांगते सगळ्यांना."

"नाही. शोध मी सांगितला, मोडेनही मीच," शर्वरी म्हणाली, आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर सुगंधाला बरं वाटलं असतं.

सभेत काय झालं ते सुगंधाने पाहिलं, कारण तासाभरातच तिला बोलावणं आलं. लांबलचक टेबल, भिंतीवरच्या पडद्यावर परदेशी चेहरे, आणि सगळ्यांच्या मधे शर्वरी उभी, सगळं सांगून झालेली. भिंतीवरचा एक चेहरा हसत होता. ओगले सर हसत नव्हते.

"सुगंधाताई," ते म्हणाले, "वीस वर्षांत तुमचा एक टाका चुकला नाही."

"हाही चुकला नाही, सर. आत काय घातलं ते चुकलं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर फरीदा मुकादम बसल्या होत्या, ज्वालामुखीवाल्या. खरं तर त्या आता जिंकल्या होत्या. यान वर जाणार हे नक्की झालं होतं. पण त्यांनी विचारलं, "ताई, ती पिशवी नेमकी कशी आहे? दाखवता?"

सुगंधाने रुमालाचा कोपरा दुमडून दाखवला. दाखवता दाखवता सवयीने बोलून गेली, "गोधडीत चिंध्या एका कडेला गोळा झाल्या की आम्ही गोधडी टाकत नाही. उलटी धरतो आणि झटकतो. चिंध्या त्या कडेला गेल्या, की कुठे किती गोळा होता ते हाताला कळतं. गोधडीचं स्वतःचं वजन काही जागा सोडत नाही."

मुकादमांनी तो रुमाल तिच्या हातातून घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"शर्वरी," त्या म्हणाल्या, "यान पाठमोरं करून बुडी मारली तर?"

शर्वरीने मान वर केली. "दाणे दुसऱ्या कडेला जातील."

"त्यांचं माप बदलेल."

"आणि पठाराचं काही असेल तर ते बदलणार नाही." शर्वरीचा आवाज फार हळू झाला होता. "सुलट्या बुड्यांतून उलट्या वजा केल्या, की दाण्यांचा वाटा कळेल. तो काढून टाकला की उरेल ते..."

"उरेल ते बहुतेक शून्य," भिंतीवरचा चेहरा म्हणाला.

"असेल," मुकादम म्हणाल्या. "पण कूस बदलायला इंधन लागत नाही, आतली चाकं फिरवली की झालं. सात बुड्या द्या तिला. माझे ज्वालामुखी आठवडाभर कुठे पळून जात नाहीत."

ओगले सरांनी सात बुड्या दिल्या. हॉल चालू ठेवला, अकरा जणींवर. सुगंधाचं ओळखपत्र त्यांनी स्वतः मागून घेतलं, आणि घेताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

तो आठवडा घरात दोघी जपून बोलत होत्या. मीठ दे, गॅस बंद कर, निनादचा फोन आला होता. सुगंधा दुपारी पडवीत रिकाम्या हातांनी बसे आणि विचार करी, की आता अन्वेषा आकाशात पाठमोरी उडत असेल. पाठमोरी गोष्ट तिने पाण्यात खूप पाहिली होती, होडी वल्हवणारा माणूस पाठमोराच असतो. पण आकाशात?

आठव्या दिवशी दुपारी शर्वरी आली. चपला काढल्या, पाय धुतले, मग सासूसमोर बसली.

"अडीच तुमचे," ती म्हणाली.

"आणि?"

"अर्धा राहिला."

सुगंधाला आधी कळलंच नाही. शर्वरीने बोटाने जमिनीवर रेघ ओढली. "तीनातले अडीच दाण्यांचे. ते काढले तरी अर्धा नॅनोटेस्ला उरतो. उलट्या बुडीत, सुलट्या बुडीत, दोन्हींत तोच. आणि तो ब्रेकसोबत बदलत नाही, आई, जागेसोबत बदलतो. पठाराच्या पूर्वेला वरच्या दिशेने, मधे मावळतो, पश्चिमेला खालच्या दिशेने. दाण्यांना दिशा माहीत नसतात. मुकादम मॅडमनी सगळे हिशोब स्वतः केले. दोनदा केले."

"अर्धा म्हणजे पृथ्वीच्या कितवा?"

"नव्वद हजारावा."

सुगंधाने डोळे मिटले. नव्वद हजारावा भाग. दीडशे किलोमीटर उंचीवरून, कोणा एका काठीच्या टोकावरून. कोणीतरी समुद्रापलीकडे श्वास घ्यावा आणि तो या पडवीत ऐकू यावा, तसं. आणि मग दुसरा विचार आला.

"म्हणजे तिला खाली आणणार."

"मुकादम मॅडमनी आपला अर्ज मागे घेतला. म्हणाल्या, ज्वालामुखी दुसऱ्या यानाने पाहता येतील, हे पठार असं पायाखाली पुन्हा यायला कित्येक महिने लागतील. त्यांनी निर्णय माझ्यावर सोडला."

"मी तिला वाचवायला बोलले होते गो," सुगंधा म्हणाली. "वाटलं, खरं सांगितलं की वर जाईल. दोन वर्षं जगेल. आता अर्ध्यासाठी मारणार तू तिला?"

माडाची झावळी वाऱ्याने कौलावर घासत होती. "तुम्ही बोलल्या नसत्या तरी मी तिला खाली नेलं असतं," शर्वरी शेवटी म्हणाली. "तीनाच्या भुलीत. तिने खाली जाऊन तुमची वाळू मोजली असती आणि मी टाळ्या वाजवल्या असत्या. हा अर्धा त्या गोंगाटात कधीच ऐकू आला नसता. आता मला माहीत आहे मी तिला कशासाठी धाडून राहिले." तिने सासूकडे पाहिलं. "पण तुम्ही नाही म्हणाल तर मला अवघड जाईल."

सुगंधाने या घरात आजवर सुनेला शंभर गोष्टींना नाही म्हटलं होतं, आणि त्यांतल्या नव्वद तर केवळ गंमत म्हणून. या वेळी तिला शब्द जड गेले.

"एकटी जाऊ देऊ नको," ती म्हणाली. "आपण तिथे असू या."

इंजिन फक्त काही मिनिटं चाललं; कक्षा खाली आणायचं उरलेलं काम शुक्राच्या हवेनेच केलं. अन्वेषा आता दीड तासाला एक फेरी घेत होती, एका फेरीत तोंड पुढे, दुसऱ्या फेरीत पाठ पुढे. गुरुवारी सकाळी मुकादम मॅडमनी सुगंधाला स्वतःची पाहुणी म्हणून आत नेलं. मोठ्या पडद्यावर तीन आकडे होते: उंची, दाणे, पठार. दाण्यांचा स्वतंत्र रकाना पाहून तिने मान खाली घातली. मग पुन्हा वर केली, कारण पठाराचा आकडा हलू लागला होता.

"हे आत्ताचं?" तिने विचारलं.

"नऊ मिनिटांपूर्वीचं," मुकादम म्हणाल्या. "प्रकाशाला इथवर यायला तेवढा वेळ लागतो."

यान ग्रहाच्या रात्रीवरून चाललं होतं. त्याच्या खाली ढगांचा अखंड पांढुरका समुद्र, आम्लाचे ढग, त्यांच्याखाली पाण्यासारखी दाट हवा, आणि तिच्या तळाशी चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं ते पठार, जिथे शिसं वितळून वाहील आणि जिथे कोणी कधी उभं राहणार नाही. तिथल्या दगडांना ऐकायला एक टोपडं घातलेलं डोकं खाली वाकत होतं. एकशे चाळीस किलोमीटर. पठार: पाऊण. पुढच्या फेरीला एकशे बत्तीस. पठार: सव्वा. दाण्यांचा आकडा उलटसुलट नाचत होता. पठाराचा स्थिर, सावकाश वर चढत होता, अंधाऱ्या विहिरीतून कळशी वर यावी तसा. एकशे सव्वीसला दोन. खोलीतली माणसं एकेक करून उभी राहिली. कोणी कोणाला उठ म्हणालं नाही.

एकशे एकवीस. पठार: दोन पूर्णांक सात. मग पडद्यावरचे आकडे थांबले.

"तुटलं?" सुगंधाने विचारलं.

"नऊ मिनिटांपूर्वी," शर्वरी म्हणाली.

म्हणजे ते सगळे श्वास रोखून ज्या आकड्याकडे बघत होते तो त्यांनी पाहिला तेव्हा ती गेलेलीच होती. सुगंधाने पदर डोळ्यांना लावला नाही. तिला बघायचं होतं. शर्वरीने कळ दाबली आणि आकड्यांच्या जागी पठाराचा नकाशा आला, त्यावर बारीक बाण. शेकडो बाण. काही जमिनीत घुसलेले, काही जमिनीतून वर आलेले, आणि सगळे मिळून एकाच बाजूला कललेले.

"हे काय गो?"

"दगड. थंड झाले तेव्हा शुक्राला उत्तर होती, आई. ती तिकडे होती. सगळ्यांनी तिच्याकडे तोंड केलं आणि गोठले. मग ग्रहाचं पोट निवलं, उत्तर विझली. यांना कोणी सांगितलं नाही."

"किती वर्षं झाली?"

"पन्नास कोटी तरी."

सुगंधा बाणांकडे बघत राहिली. पन्नास कोटी वर्षं, भट्टीत उभं राहून. "मी आता घरी जाते," ती थोड्या वेळाने म्हणाली. "माझं इथे काम नाही."

"आहे. मला लेख लिहायचा आहे. त्याचं पहिलं पान दाण्यांचं असेल, आणि त्यातलं मला काही माहीत नाही. किती उकळले, कुठल्या ओहोटीचे, टाका कोणता. तुम्ही सांगाल तसं लिहीन." शर्वरीने दुसरी खुर्ची ओढून आपल्याजवळ घेतली. "आणि त्या पानावर तुमचं नाव पहिलं. लोक हसतील."

"हसू देत," सुगंधा म्हणाली आणि बसली.

पडद्यावर आता नवं काही येणार नव्हतं. तरी मुकादम उभ्या होत्या, ओगले सर दारात थबकले होते, हॉलमधल्या अकरा जणी काचेपलीकडे येऊन थांबल्या होत्या. आणि त्या सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती, जिथे एके काळी उत्तर होती तिकडे.